तिसऱ्या फेरीनंतर

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना मी भर गर्दीसमोर नदीत पडलो होतो. कॉलेजच्या मागेच नदी होती आणि वल्हवायच्या होड्याही होत्या. वर्षातून एकदा तिथे मोठा कार्यक्रम व्हायचा. काठावर आईवडील, जुने विद्यार्थी, दुसऱ्या कॉलेजांतली मुलंमुली असे सगळे यायचे. मी आणि एक पहिल्या वर्षाचा मुलगा अशी दोघांची होडी होती. शर्यत आम्ही हरलो होतो, पण परत येताना काठावरून कुणीतरी माझं नाव घेऊन ओरडलं, आणि मी हात हलवायला होडीत उभा राहिलो. पुढचं सगळं दोन सेकंदांत झालं. होडी डावीकडे कलली, मी सावरण्यासाठी उजवीकडे झुकलो, होडी माझ्यापेक्षा जास्त वेगाने उजवीकडे आली, आणि आम्ही दोघंही त्या हिरव्यागार पाण्यात. काठावर जो हशा पिकला तो मला आजही ऐकू येतो.

बाहेर आल्यावर, केसांतून शेवाळ काढता काढता, मी त्या ज्युनिअरला विचारलं, "होडी हलतेय हे तुला कळलं नाही का?" तो म्हणाला, "कळलं होतं दादा. तू उठायला लागलास तेव्हाच कळलं. पण तू सीनिअर आहेस, म्हटलं तुला माहीत असेल."

हे वाक्य मी बरीच वर्षं फक्त विनोद म्हणून सांगत आलो. नंतर कामानिमित्त तीन आठवडे स्टॉकहोमला जायचा योग आला. एका रविवारी काही करायला नव्हतं म्हणून मी तिथलं वासा जहाजाचं संग्रहालय बघायला गेलो, आणि ते वाक्य तिथे पुन्हा भेटलं.

वासा हे स्वीडनच्या आरमाराचं सगळ्यात दिमाखदार जहाज. ते समुद्रात एकूण किती प्रवास करू शकलं? साधारण १३०० मीटर. इतकाच. तोही राजधानीच्या बंदरात, हजारो लोकांच्या देखत. पाण्यावरच्या फजितीची स्पर्धा ठेवली तर पहिलं बक्षीस वासाला द्यायला माझी हरकत नाही.

तारीख १० ऑगस्ट १६२८, रविवार. शिवाजी महाराजांचा जन्म व्हायला अजून दीड वर्ष होतं, एवढं सांगितलं की काळाचा अंदाज येईल. स्वीडनचा राजा गुस्ताव अडॉल्फ त्या वेळी पोलंडशी लढत होता. पोलंडच्या गादीवर त्याचाच चुलतभाऊ सिगिस्मंड होता, आणि त्याचा स्वीडनच्या गादीवरही दावा होता. म्हणजे भाऊबंदकी, फक्त तोफांसकट. त्यासाठी गुस्तावला बाल्टिक समुद्रावर वचक बसवणारी मोठी जहाजं हवी होती. १६२५ च्या सुरुवातीला हेन्रिक हिबर्टसोन नावाच्या डच कारागिराच्या गोदीशी चार जहाजांचा करार झाला. त्याच वर्षी वादळात आरमाराची दहा जहाजं गेली, आणि राजाची घाई आणखी वाढली.

वासा ६९ मीटर लांब होतं आणि सर्वांत उंच डोलकाठीच्या टोकापर्यंत साडेबावन्न मीटर उंच. त्यावर ६४ तोफा होत्या. त्यांपैकी ४८ तोफा २४ पौंडी गोळे फेकणाऱ्या, आणि त्या एकावर एक अशा दोन मजल्यांवर मांडलेल्या. अंगाखांद्यावर शेकडो लाकडी शिल्पं: सिंह, रोमन सम्राट, देवता, जलपऱ्या. यातलं एक शिल्प मला फार आवडलं. जहाजाच्या नाळेपाशी, एका बाकाखाली, पाठीत वाकून दबलेला पोलिश सरदार कोरलेला आहे. खलाशांची शौचाची जागा तिथूनच जवळ. शत्रूची टिंगल कशी करावी यावर त्या काळी किती बारकाईने विचार झाला होता बघा. जहाज तरंगेल का, यावर मात्र तेवढा झाला नव्हता.

त्या रविवारी राजवाड्याखालच्या धक्क्यावर अर्धं शहर जमलं होतं. त्यात परदेशी वकील होते, आणि वकील म्हणजे त्या काळचे उघड हेरच. जहाजावर दीडशेच्या आसपास माणसं होती. तीनशे सैनिक पुढे चढायचे होते. पहिला टप्पा जवळच्या बेटांपर्यंतचाच, म्हणून खलाशांना बायकामुलं बरोबर आणायची परवानगी दिलेली होती. आपल्याकडे नवी होडी पाण्यात उतरवताना सगळं घर येतं, तसंच काहीसं.

वारा अगदी मंद होता. इतका, की सुरुवातीला जहाज शिडांनी हलेचना. नांगर पुढे टाकून, दोर ओढून ओढून ते किनाऱ्याकिनाऱ्याने नेलं. मग दहापैकी चार शिडं सोडली. तोफांची सलामी झाली. सलामीसाठी तोफांच्या खिडक्या उघडल्या होत्या, त्या तशाच उघड्या राहिल्या. दक्षिणेकडच्या कड्यांमागून वाऱ्याची एक झुळूक आली. जहाज डावीकडे कललं आणि हळूहळू सावरलं. दुसरी झुळूक आली. या वेळी ते सावरलं नाही. खालच्या मजल्याच्या उघड्या खिडक्यांतून पाणी आत शिरलं, आणि काही मिनिटांत जहाज ३२ मीटर खोल पाण्यात तळाला टेकलं, किनाऱ्यापासून जेमतेम सव्वाशे मीटरवर. डोलकाठ्यांची टोकं मात्र पाण्याबाहेरच राहिली, निशाणांसकट.

इथपर्यंत वाचून मी संग्रहालयात एकटाच हसलो. राजाचं नाक कापलं गेलं, आणि तेही शत्रूच्या वकिलांसमोर. शिवाय वादळ नाही, खडक नाही, शत्रूचा गोळा नाही. नुसती झुळूक.

मग पुढच्या दालनात गेलो. त्या दिवशी तीसेक माणसं बुडाली. काहींचे सांगाडे जहाजातच सापडले. संशोधकांनी त्यांना ओळखीसाठी अक्षरं दिली आणि त्या अक्षरांवरून टोपणनावं पडली. 'जी' या सांगाड्याला बरीच वर्षं गुस्ताव म्हणत होते. २०२३ साली डीएनए चाचणीतून कळलं की गुस्ताव ही बाई होती. आता तिला गर्ट्रूड म्हणतात. बहुधा कुणाची तरी बायको, नवऱ्याबरोबर दोन दिवसांची सफर करायला आलेली. तिचा चेहरा कवटीवरून घडवून तिथे ठेवला आहे. त्या चेहऱ्यासमोर मला माझं मघाचं हसू जरा अवघड वाटलं.

जहाज बुडालं का, याचं उत्तर शास्त्राच्या भाषेत सोपं आहे. पाण्यात तरंगणाऱ्या वस्तूवर दोन बलं काम करतात. वजन गुरुत्वमध्यातून खाली खेचतं, आणि प्लावक बल बुडालेल्या भागाच्या मध्यातून वर ढकलतं. जहाज कललं की बुडालेल्या भागाचा आकार बदलतो, त्यामुळे वर ढकलणारं बल कललेल्या बाजूला सरकतं. ते पुरेसं सरकलं तर जहाजाला परत सरळ करतं. पण गुरुत्वमध्य फार वर असेल, तर तीच दोन बलं मिळून जहाजाला आणखी कलवतात. मी होडीत उभा राहिलो तेव्हा नेमकं हेच केलं होतं. बसलेला मी आणि उभा मी, वजन तेच, फक्त ते वर गेलं.

वासावर हे वजन बांधकामातच वर गेलं होतं. जड तोफांचे दोन मजले, त्यांना पेलणारी जाड लाकडं, वर उंच नक्षीदार पिछाडी. तोल राखण्यासाठी तळात १२० टन दगड भरले होते, पण ते पुरेसे नव्हते. आणखी दगड भरावेत, तर जहाज आणखी खाली बसणार आणि खालच्या खिडक्या पाण्याच्या आणखी जवळ येणार. म्हणजे दोन्हीकडून अडचण.

यात आणखी एक गंमत आहे. जहाजाची बारकाईने मोजणी केल्यावर लक्षात आलं की त्याच्या दोन्ही बाजू सारख्या नाहीत. आत कारागिरांच्या चार मोजपट्ट्या सापडल्या. दोन स्वीडिश फुटाच्या, बारा इंचांच्या. दोन ॲमस्टरडॅमच्या फुटाच्या, अकरा इंचांच्या. स्वीडिश आणि डच सुतार एकाच जहाजावर आपापल्या फुटाने काम करत होते. दोन टीमनी दोन वेगळी एककं वापरल्यामुळे वाट लागलेलं काम प्रत्येक सॉफ्टवेअरवाल्याने बघितलेलं असतं. ही परंपरा एवढी जुनी असेल असं मात्र वाटलं नव्हतं. अर्थात जहाज बुडायचं मुख्य कारण हे नव्हे. मुख्य कारण वरचं वजन.

आता त्या कारागिरांना मूर्ख म्हणण्याआधी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. जहाजाचा तोल आधी गणिताने काढायची पद्धत त्या काळी नव्हतीच. ती मांडली फ्रान्सच्या पिएर बुगेने, १७४६ साली. तोपर्यंत जहाजं अनुभवावर आणि प्रमाणांच्या ठोकताळ्यांवर बांधली जात. एवढ्या जड तोफांचे दोन मजले असलेलं जहाज बांधण्याचा अनुभव त्या गोदीत फारसा कुणाला नव्हता. त्यात मुख्य कारागीर हिबर्टसोन आजारी पडला आणि १६२७ मध्ये वारला. काम त्याचा मदतनीस हाइन याकोब्सोन याच्याकडे आलं, आणि गोदीचा कारभार हिबर्टसोनची विधवा मार्गारेता हिच्याकडे. अर्धवट काम सोडून माणूस गेला आणि त्याच्या डोक्यातलं दुसऱ्याने उपसायचं. हे दुखणं ज्याने भोगलं आहे त्याला वेगळं सांगायला नको.

पण गणित नव्हतं, तरी चाचणी होती. जहाज निघण्याआधी, धक्क्याला बांधलेलं असतानाच, एक साधा प्रयोग झाला. तीस माणसांना वरच्या डेकवर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे पळायला लावायचं आणि जहाज किती डुलतं ते बघायचं. हजर होते ॲडमिरल क्लास फ्लेमिंग, कप्तान सोफ्रिंग हान्सोन, आणि खलाशांचा मुकादम योरान मात्सोन. जहाज बांधणारे तिथे नव्हते.

मात्सोनने पुढे चौकशीत जे सांगितलं त्यातून कळतं ते असं. पहिल्या फेरीला जहाज एका फळीच्या रुंदीएवढं कललं. दुसऱ्या फेरीला दोन फळ्या. तिसऱ्या फेरीला तीन. तिसऱ्या फेरीनंतर ॲडमिरलने चाचणी थांबवली. आणखी पळाले असते तर जहाज तिथेच धक्क्याला उलटलं असतं.

यानंतरचं संभाषण तर अगदी ओळखीचं आहे. तळात दगड जास्त झाले आहेत, खिडक्या पाण्याजवळ येताहेत, असं ॲडमिरल म्हणाला. जहाज सरळ उभं राहो म्हणजे झालं, अशा अर्थाचं काहीतरी मात्सोन म्हणाला. त्यावर ॲडमिरलचं उत्तर असं की कारागिराने याआधीही जहाजं बांधली आहेत, तू काळजी करू नकोस.

म्हणजे, म्हटलं त्याला माहीत असेल.

चाचणी नापास झाली आणि जहाज निघालं. राजा प्रशियात लढाईवर होता, जहाज लवकर पाठवा म्हणून त्याचा तगादा होता, आणि त्याला "जहाज तरंगत नाही" असं पत्र लिहायला कुणी पुढे आलं नाही. चाचणी केली नसती तर एक वेळ समजलं असतं. चाचणी केली, तिचं उत्तर डोळ्यांनी बघितलं, आणि ते उत्तर अजून स्पष्ट होऊ नये म्हणून ती थांबवली, हे मला जास्त खुपलं.

बातमी राजापर्यंत पोचायला दोन आठवड्यांहून जास्त लागले. तो अर्थातच भडकला. दोषी शोधा आणि शिक्षा करा, असा हुकूम आला. कप्तान हान्सोनला तर जहाज बुडाल्याबरोबरच अटक झाली होती. सप्टेंबरच्या सुरुवातीला राजवाड्यात चौकशी बसली. तोफा नीट बांधल्या नव्हत्या का? बांधल्या होत्या, एक जरी सुटी असली तर माझे हजार तुकडे करा. खलाशी प्यायलेले होते का? देवाशपथ नाही. मग जहाज का बुडालं? खलाशांनी बांधणाऱ्यांकडे बोट दाखवलं. बांधणारे म्हणाले, आम्ही राजाने मंजूर केलेल्या मापांप्रमाणेच बांधलं, आणि राजा तर प्रसन्न होता. मूळ कारागीर मेलेला. करारातला त्याचा भागीदार आरेंट डे ग्रूट याला विचारलं, मग चूक कुणाची? तो म्हणाला, देव जाणे.

देव आणि राजा, दोघांनाही चौकशीला बोलावता येत नाही. कुणालाच शिक्षा झाली नाही. ॲडमिरल फ्लेमिंगचं स्थानही शाबूत राहिलं.

आता माझ्याबद्दल. या गोष्टीत आपण नेहमी मुकादम मात्सोन असतो. मीही त्या दालनात उभा राहून स्वतःला मात्सोनच समजत होतो. वरचे लोक ऐकत नाहीत, खालच्यांना सगळं दिसत असतं, वगैरे. हॉटेलवर परत जाताना ट्राममध्ये मात्र एक जुना गुरुवार आठवला.

दोन वर्षांपूर्वी आमची टीम एका ग्राहकासाठी पैसे भरायची यंत्रणा बनवत होती. शनिवारी ती सुरू व्हायची होती. गुरुवारी संध्याकाळी टीममधली एक मुलगी, नोकरीला वर्षही झालं नव्हतं तिला, लोड टेस्ट चालवत होती. पहिल्या फेरीत ठीक. दुसऱ्या फेरीत लोक दुप्पट केले, प्रतिसादाचा वेळ दुपटीहून जास्त वाढला. तिसऱ्या फेरीत आलेख जो वर गेला तो खाली येईना. मी तिच्या मागे उभा होतो. मी म्हणालो, "पुरे, बंद कर. टेस्टिंगचा सर्व्हर बसेल उगाच. खऱ्या मशीनची ताकद जास्त आहे."

खऱ्या मशीनची ताकद खरोखरच जास्त होती. शनिवारी सकाळी ते चाळीस मिनिटं टिकलं.

कुणी मेलं नाही. दोन दिवस कुणाकुणाचे पैसे अडकले, काही लोकांनी फोनवर शिव्या दिल्या, आम्ही दोन रात्री जागलो. सोमवारी कारणमीमांसेची मीटिंग झाली. डेटाबेसवाले नेटवर्ककडे बोट दाखवत होते, नेटवर्कवाले आमच्याकडे. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "लोड अपेक्षेपेक्षा जास्त आला." लोड अपेक्षेएवढाच आला होता. ती मुलगी त्या कॉलवर होती, म्यूटवर. ती काही बोलली नाही आणि मीही बोललो नाही.

म्हणजे मी मात्सोन नव्हतोच. मी फ्लेमिंग होतो. आणि मला वाटतं फ्लेमिंगही मनाने वाईट नसावा. चौथी फेरी पळवली असती तर हाती आलेलं उत्तर त्याला कुठेतरी न्यावं लागलं असतं. तीन फेऱ्यांवर थांबलं की "तसं नक्की काही म्हणता येत नाही" असं स्वतःला सांगायची सोय राहते. माझीही सोय झाली होती.

त्या रात्री मी तिला मेसेज केला. ती आता दुसरीकडे नोकरी करते. सगळं लिहिलं, ट्राममधून लिहिलं तसंच, न सजवता. बऱ्याच वेळाने उत्तर आलं: "अहो सर, चौथी फेरी मी रात्रीसाठी लावून ठेवली होती. तुम्ही पुरे म्हणालात म्हणून काढून टाकली." खाली एक हसरा चेहरा होता. तो माफीचा होता की कसला, मला कळलं नाही.

वासाचं पुढे काय झालं ते सांगायला हवं. १६६० च्या दशकात पाणबुड्यांनी घंटेच्या आकाराच्या भांड्यात उभं राहून, त्या थंड अंधाऱ्या पाण्यातून, पन्नासहून जास्त तोफा वर काढल्या. मग जहाज विसरलं गेलं. १९५६ साली आंदेश फ्रान्झेन या माणसाने ते शोधून काढलं. बाल्टिकचं पाणी फारसं खारट नाही, त्यामुळे लाकूड पोखरणारा समुद्री किडा तिथे जगत नाही. आपल्या कोकणच्या पाण्यात वासाचा भुगा झाला असता. २४ एप्रिल १९६१ रोजी, ३३३ वर्षांनी, जहाज पाण्याबाहेर आलं. ते वाळताना फुटू नये म्हणून त्यावर सतरा वर्षं रसायनाचे फवारे मारले. आज जे दिसतं त्यातलं अठ्ठ्याण्णव टक्क्यांहून जास्त मूळचं आहे. ठरल्याप्रमाणे लढाईवर गेलं असतं तर आज त्याचं नावही कुणाला माहीत नसतं.

पण मला जास्त लक्षात राहिलं ते दुसरंच जहाज, एप्लेट. वासाचं जोडीचं, त्याच गोदीतलं, त्याच याकोब्सोनने बांधलेलं. ते १६२९ मध्ये पाण्यात उतरलं. याकोब्सोनने ते वासापेक्षा रुंद केलं होतं. ते तीस वर्षं चाललं. चौकशीत "मापं राजाची होती" म्हणणाऱ्या माणसाने पुढच्या जहाजाची मापं मात्र गुपचूप बदलली. चूक त्याला कळली होती. फक्त कुणासमोर म्हणाला नाही. एप्लेटचं संग्रहालय नाही. ते नंतर मुद्दाम बुडवून टाकलं, आणि त्याची ओळख पटली २०२२ साली.

परत आल्यावर मी टीमच्या नियमावलीत एक ओळ घातली: टेस्ट जो चालवतो तोच ती थांबवू शकतो, मागे उभा असलेला नाही. पहिल्याच आठवड्यात एका नव्या मुलाने मला ती ओळ दाखवली. मी त्याच्या मागे उभा राहून "पुरे रे" म्हणालो होतो.